जमिनीतून निघालेलं जुनं लोखंड नेमकं कशाचं, ते ओळखायचं कसं

मेटल डिटेक्टर घेऊन जमीन धुंडाळणाऱ्याला नाणी-दागिने क्वचित मिळतात, लोखंड मात्र ढिगाने मिळतं. मुंबईत तर विचारूच नका. गोदी, रेल्वे, ट्राम, कापडगिरण्या, चाळी, व्हिक्टोरिया म्हणजे जुन्या घोडागाड्या, बैलगाड्या, प्रत्येकाचं काही ना काही तुटलं, सुटलं, पडलं आणि मातीखाली गेलं. मग हातात येतो एक तपकिरी, फुगलेला, खडी चिकटलेला तुकडा, एका टोकाला भोक, मध्येच वाक, आणि घरातले म्हणतात टाक ते भंगारात. माझं म्हणणं असं की ओळखल्याशिवाय टाकू नका, कारण ओळखायला दरवेळी संग्रहालयातला तज्ज्ञच लागतो असं नाही, थोडी पद्धत लागते आणि ती कोणालाही शिकता येते.

पद्धतीचं मूळ एकच आहे. हे कशासारखं दिसतंय हा प्रश्न आधी बाजूला ठेवायचा. टोकदार दिसलं की भाल्याचं टोक वाटतं, गोल दिसलं की तोफगोळा, आणि एकदा तसं वाटलं की मन तेच धरून बसतं. त्याऐवजी विचारायचं की ह्याने काम काय केलं? हे ओढत होतं, तोलत होतं, अडवत होतं, की ठोकून बसवलेलं होतं? जोर कुठून आला आणि कुठे गेला? लोखंडाची वस्तू कोणी उगाच घडवत नाही, प्रत्येक भोकाला, प्रत्येक वाकाला कारण असतं, आणि वर्षानुवर्षं काम केल्यावर त्या कामाची खूण लोखंडावर राहते, गंजाखालीसुद्धा.

त्याआधी डिटेक्टरबद्दल थोडं. मुंबईची जमीन बेसॉल्टची, म्हणजे आपला काळा दगड, आणि त्यात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे मशीन विनाकारण कुरकुरतं, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल वगळायची सेटिंग, नीट केल्याशिवाय इथे काही खरं नाही. किनाऱ्यावर ओल्या वाळूतलं मीठ वीज वाहून नेतं, तो त्रास वेगळाच. लोखंडाचा सिग्नल फसवा असतो कारण लोखंड चुंबकीयही आहे आणि त्यातून वीजही वाहते. लहान खिळा खालच्या सुरात घुरघुरतो, पण मोठी सपाट प्लेट किंवा बंद कडी असेल तर तिच्यात विजेचे भोवऱ्यासारखे प्रवाह जोरात फिरतात आणि मशीन चांदी सापडल्यासारखा स्वच्छ वरचा सूर देतं. सिग्नल मिळाला की नव्वद अंशात वळून परत कॉइल, म्हणजे मशीनची खालची चकती, फिरवा, लांबट खिळा किंवा सळी असेल तर सूर बदलतो, गोल वस्तू असेल तर फारसा बदलत नाही, म्हणजे खणायच्या आधीच आकाराचा अंदाज येतो.

आणि कुठे खणायचं, हे गंभीरपणे घ्या. वसई, शिवडी, शीव अशा संरक्षित किल्ल्यांवर आणि स्मारकांच्या आवारात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, तिथे मशीन घेऊन जाऊच नका. रेल्वेच्या हद्दीतला गंजलेला खिळासुद्धा रेल्वेचा असतो, त्यासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, आणि १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते. तेव्हा स्वतःची जागा, गावचं परसू, ओळखीच्या मालकाचं बांधकाम, तेही लेखी परवानगीने, इतकं बरं. किनारासुद्धा सरकारी असतो, तिथेही आधी विचारून घ्या.

आता तुकडा हातात आलाय असं धरू. भोकापासून सुरुवात करा. गोल भोक एका अंगाला लांबट झालं असेल तर त्यातून काहीतरी सतत ओढलं जात होतं आणि ते ज्या अंगाला लांबलंय तीच ओढीची दिशा. चौकोनी भोक असेल तर बहुतेक वेळा त्यात चौकोनी मानेचा बोल्ट बसायचा, गोल डोक्याखालची ती मान भोकात अडकते आणि नट आवळताना बोल्ट गरगर फिरत नाही. एक टोक चेपून बाहेर पसरलंय म्हणजे त्यावर हातोडा किंवा घण पडत होता, ती छिन्नी असेल, पाचर असेल, पहार असेल. थेंबाच्या आकाराची कडी आणि तिला बाहेरून पन्हळीसारखी खाच असेल तर ती दोरखंडाच्या फासात बसवायची थिंबल, दोर घासून तुटू नये म्हणून, गोदीच्या परिसरात हमखास मिळणारी वस्तू. कुठे करड्या रंगाचं मऊ शिसं चिकटलेलं दिसलं तर ती वस्तू दगडात भोक पाडून, शिसं वितळवून ओतून बसवलेली होती, म्हणजे जुनं कठडं, गेट किंवा जिन्याचं रेलिंग.

लोकांना सगळ्यात जास्त कोड्यात टाकणारी वस्तू म्हणजे वीतभर लांब चपटी पट्टी, एका टोकाला एकदोन भोकं आणि दुसरं टोक माशाच्या शेपटीसारखं चिरून दोन बाजूंना फाकवलेलं. कोणी त्याला हत्यार म्हणतं, कोणी नांगराचा भाग. हा होल्डफास्ट. फाकलेलं शेपूट विटांच्या भिंतीत चुन्यात गाडायचं, भोकाच्या बाजूने खिडकी-दरवाजाची चौकट स्क्रूने धरायची, शेपूट फाकलेलं असल्यामुळे कितीही ओढा भिंतीतून सुटत नाही. नाक्यावरच्या कुठल्याही जुन्या गवंड्याला दाखवा, बघताक्षणी नाव सांगेल. चाळ पाडली की सागाची लाकडं विकली जातात, विटांचा चुरा भरावाला जातो आणि हे होल्डफास्ट त्या चुऱ्याबरोबर कुठच्या कुठे जाऊन पडतात.

पुढचं पाऊल म्हणजे लोखंड कुठल्या जातीचं. ढोबळ मानाने तीन जाती, बीड, घडीव लोखंड आणि पोलाद. बीड म्हणजे ओतीव, बिडाच्या तव्यातलं. त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के, ते साच्यात ओततात त्यामुळे अंगावर साच्याच्या जोडाची बारीक उभी रेघ राहते, अक्षरं उठावदार असतात, आणि ते वाकत नाही, तुटतं, तुटलेल्या जागी राखाडी दाणेदार पोत दिसतो. म्हणून जोर लागून वाकलेली वस्तू हातात आली तर ती बिडाची नाही हे तिथल्या तिथे ठरलं. घडीव लोखंड लोहाराच्या घणाखाली तयार व्हायचं, त्यात मळीचे, म्हणजे भट्टीत उरलेल्या कचऱ्याचे, लांबच लांब धागे अडकलेले असतात, आणि जमिनीत गंजल्यावर लोखंड खाल्लं जाऊन ते धागे उघडे पडतात, तेव्हा पृष्ठभाग जुन्या लाकडाच्या रेषांसारखा दिसायला लागतो. हे एकदा बघितलं की विसरत नाही. बेसेमरची पद्धत १८५६ ची, त्यानंतर हळूहळू पोलाद स्वस्त झालं आणि एकोणिसावं शतक संपेपर्यंत त्याने घडीव लोखंडाला बऱ्याच कामांतून बाजूला सारलं, त्यामुळे लाकडासारख्या रेषा दिसल्या तर वस्तू जुनी असण्याची शक्यता चांगलीच वाढते. पोलाद एकसारखं गंजतं, खळगे पडतात, पण धागे दिसत नाहीत.

चौथी जात म्हणजे लोखंडच नसलेलं लोखंड. भट्टीतून निघालेली मळी, म्हणजे कीट, काळी, जड, भोकाभोकांची असते, चुंबकाकडे थोडी ओढली जाते आणि लोकांना वाटतं उल्का सापडली. वजन करून बघा. आधी कोरडं वजन घ्यायचं, मग दोऱ्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवून वजन घ्यायचं, दोन्हींतला फरक काढायचा आणि कोरड्या वजनाला त्या फरकाने भागायचं. उत्तर ७ च्या आसपास आलं तर आत खरं लोखंड शाबूत आहे, ३ किंवा ४ आलं तर कीट, नाहीतर आतून पूर्ण गंजून गेलेली वस्तू. घरच्या डिजिटल काट्यावर पाच मिनिटांत होतं हे.

खिळ्यांवरून काळ कळतो, म्हणून गंजका खिळा कधी फेकू नये. लोहाराने हाताने घडवलेला खिळा चारी बाजूंनी निमुळता असतो आणि डोक्यावर हातोडीचे चारपाच ठोके स्पष्ट दिसतात. यंत्राने पत्र्यातून कापलेला खिळा दोनच बाजूंनी निमुळता, बाकीच्या दोन बाजू समांतर. आपला नेहमीचा गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्रास झाला. पण एक सावधगिरी, हाताने घडवलेले खिळे लाकडी होड्यांसाठी नंतरही बरीच वर्षं वापरात होते, तेव्हा कोळीवाड्याजवळ असा खिळा मिळाला म्हणून लगेच पोर्तुगीज काळात उडी मारू नका.

मोजमाप घेताना इंचाची पट्टीही जवळ ठेवा. भारतात मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे आकडे सेंटिमीटरमध्ये विचित्र आणि इंचात नेमके येत असतील तर माल बहुतेक त्याआधीचा. अर्थात आपले लोहार-सुतार अजूनही सुतात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच, तीन सुताची सळी, चार सुताचा बोल्ट, म्हणून फक्त इंचावरून काळ ठरवू नका, आटे मोजा. व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण मांडलं आणि ब्रिटिश मालात तेच चाललं. अर्ध्या इंचाच्या बोल्टला एका इंचात १२ आटे, पाऊण इंचाच्या बोल्टला १०, एक इंचाच्या बोल्टला ८. आटे गंजाने भरलेले असतील तर नटखाली झाकलेला भाग बघा, तिथे बऱ्याचदा दोनतीन आटे चांगले राहिलेले असतात. चौकोनी नट आणि व्हिटवर्थ आटे एकत्र मिळाले तर मी तरी तो तुकडा भंगारात देणार नाही.

गंज फुगतो हे मोजताना लक्षात ठेवा, मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा गंज घेतो, त्यामुळे वरून दोन इंच जाड दिसणारी सळी आत एक इंचाची असू शकते. जिथे गंजाची खपली पडलीय तिथली जाडी धरायची.

आता मुंबईत नेहमी भेटणाऱ्या मंडळींकडे येऊ, आणि पहिला मान रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली तेव्हापासून इथे रुळाचं सामान पडतंय. लाकडी स्लीपरवर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या ओंडक्यावर, रूळ धरणारा डॉग स्पाइक साधारण पाच इंच लांब, चौकोनी अंगाचा, टोक छिन्नीसारखं, डोकं एका बाजूला पुढे आलेलं आणि दोन्ही अंगांना कानासारखे उंचवटे. प्रत्येक गोष्टीला काम आहे बघा, पुढे आलेला ओठ रुळाच्या पायाला दाबून धरतो, कानांत पहार अडकवून तो उपटता येतो, आणि छिन्नीसारखं टोक लाकडाच्या रेषांना आडवं ठोकायचं म्हणजे लाकूड चिरत नाही, तंतू कापले जातात. पण भारतात लाकडाला वाळवी आणि पावसाचा त्रास, म्हणून बिडाचे स्लीपर खूप वापरले गेले. पॉट स्लीपर म्हणजे बिडाचं मोठं भांडं पालथं घातलेलं, रुळाखाली अशी दोन भांडी आणि त्यांना जोडणारी लोखंडी पट्टी, तिला टाय बार म्हणतात. नंतर सीएसटी-९ नावाचा प्रकार आला, त्यातही बीड आणि टाय बार. त्या पट्टीतल्या खाचेत ठोकायची पाचर म्हणजे कॉटर, आणि रूळ धरायला निमुळती पोलादी पाचर, जिला की म्हणतात. असे स्लीपर तुटून त्यांचे तुकडे भरावात जातात तेव्हा फक्त वाकड्या बिडाच्या कपच्या उरतात, तोफेचे तुकडे समजून लोक हुरळतात. कपचीचा आतला भाग खडबडीत आणि वाक एकसारखा नसेल, कुठेतरी रुळाच्या पायाएवढी सपाट बैठक किंवा जबड्यासारखा उंचवटा असेल, तर ती तोफ नाही, स्लीपर आहे.

रुळाचा तुकडा मिळाला तर त्याच्या उभ्या बाजूवरची माती ब्रशने हलकेच काढा, तिथे बनवणाऱ्याचं नाव आणि वर्ष उठावदार अक्षरांत असतं. आणि रुळाच्या माथ्यावर लांब खाच असेल तर पहिला विचार ट्रामचा करा, चाकाची कड त्या खाचेतून धावायची म्हणून रूळ रस्त्याच्या पातळीत बसायचा. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. बरेच रूळ उखडण्याऐवजी वर डांबर ओतलं गेलं, म्हणून अजूनही रस्ते खोदताना ते वर येतात. मात्र खाचेचे रूळ गोदीत मालगाड्यांसाठी आणि क्रेनसाठीही असत, जागा बघूनच ठरवा.

गिरणगावातल्या वस्तू मला सगळ्यात जास्त भिडतात. लालबाग, परळ, वरळी भागातल्या मातीत एक छोटी, गुळगुळीत, टोकदार पोलादी शंकूसारखी वस्तू निघते, बोटाच्या पेराएवढी, मागच्या बाजूला दांडीसारखा भाग. बघणाऱ्या प्रत्येकाला ती बंदुकीची गोळी वाटते. पण गोळीत सहसा शिसं आणि तांबं असतं, चुंबक लावून बघा, ही चटकन चिकटते. आमच्या ओळखीतले एक काका आयुष्यभर गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, होते, त्यांच्या तळहातावर ती ठेवली तर त्यांनी चष्माही लावला नाही, नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे, हे धोट्याचं नाक." धोटा म्हणजे मागावरची लाकडी शटल, तिच्या दोन्ही टोकांना ही पोलादी नाकं, कारण धोटा दर फेरीला एका बाजूच्या पिकरवर, म्हणजे त्याला फटका देणाऱ्या भागावर, आदळून दुसऱ्या बाजूला जातो, नुसतं लाकूड असतं तर फुटलं असतं. लाकूड कुजून गेलं, नाक राहिलं. मग काकांनी ते उजेडात तिरकं धरलं आणि दाखवलं की टोक एकाच अंगाला जास्त झिजलंय, म्हणजे माग नीट जुळवलेला नव्हता, धोटा तिरका बसत होता. एवढ्याशा लोखंडात एका मागाची तक्रार वाचता येते, आणि ती वाचणारी माणसं आता वयस्कर झालीत.

गिरण्यांतून अजून निघतात ती बिडाची वजनं, मागच्या तरफांना टांगायची, वर भोक किंवा खाच असलेली. शाफ्टिंगचे, म्हणजे यंत्रांना गती देणाऱ्या लांब फिरत्या दांड्यांचे, ब्रॅकेट निघतात, त्यांच्या वर्तुळाकार बैठकीत तेलाचं भोक असतं. तेलाचं भोक दिसलं की आत काहीतरी फिरत होतं हे पक्कं. बिडावर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या ब्रिटिश कारखान्याचं नाव उमटलेलं असेल तर निम्मं काम झालं, कारण इथल्या गिरण्यांची बरीचशी यंत्रं लँकेशायरहून यायची. नाव अर्धवट असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल तिरकी घासा, डोळ्याला न दिसणारी अक्षरं कागदावर येतात.

जुन्या रस्त्यांकडेला, आणि उपनगरं जिथे कालपरवापर्यंत शेतीची होती तिथे, पानासारखी किंवा अर्ध्या चंद्रासारखी पातळ चपटी प्लेट मिळते, बाहेरच्या कडेने चारपाच बारीक भोकं. ही बैलाची पत्री. घोड्याचा खूर एकसंध म्हणून त्याला एक गोल नाल, बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून प्रत्येक पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. भोकं बाहेरच्या कडेलाच का, तर खिळा खुराच्या बाहेरच्या कठीण भिंतीतून जायला हवा, आत गेला तर जनावर लंगडतं. उलटून बघा, जमिनीला लागणारी बाजू झिजून पातळ झालेली असते आणि एखाद्या भोकात वाकलेल्या खिळ्याचं डोकं अजून रुतलेलं असतं. गाडीच्या चाकाची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, तिचे तुकडेही असेच मिळतात, बाहेरच्या बाजूला कडा गोल झालेल्या, आतून सपाट. तुकड्याचा वाक कागदावर गिरवून वर्तुळ पुरं केलं की चाकाचा व्यास मिळतो.

आता तोफगोळा. गोल लोखंड सापडलं की सगळे तोफगोळाच म्हणतात, पण कारखान्यांत दळायच्या गिरण्यांतले गोळे, गेटवरचे गोळे, व्यायामाचे गोळे हेही गोलच असतात. इथे हिशोब उपयोगी पडतो. भरीव बिडाच्या गोळ्याचा व्यास साडेतीन इंच असेल तर वजन सुमारे २.६५ किलो भरतं, म्हणजे जवळपास सहा पौंड, आणि सहा पौंडी तोफेचा गोळा त्याच मापाचा असायचा. व्यास आणि वजन अशा जोडीत बसले तर विचार करण्यासारखं आहे. पण वजन अपेक्षेपेक्षा बरंच कमी भरलं, किंवा एका जागी बुचासारखं गोल भोक दिसलं, तर हात काढून घ्या. पोकळ गोळ्यात दारू भरलेली असायची. नळकांड्यासारखी, एका टोकाला निमुळती, मागे पंख किंवा तांब्याचा पट्टा असलेली वस्तू असेल तर अजिबात हलवू नका, घासू नका, पाण्यात टाकू नका, घरी आणून वजन करायचा तर विचारही नको. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यावर कापसाच्या गाठींबरोबर सुमारे १४०० टन स्फोटकं होती, आणि त्या स्फोटाने जळतं लोखंड दूरवर फेकलं. गोदीच्या परिसरात आणि तिथल्या गाळात संशयास्पद काही दिसलं तर लांब व्हा, इतरांना लांब करा आणि ११२ ला फोन करा, बॉम्बशोधक पथक येतं. वस्तू साधी पाइप निघाली तरी काही बिघडत नाही.

मुंबईत एक गुंता आहे जो दुसरीकडे एवढा नसतो, भराव. दक्षिण मुंबईचा बराच भाग समुद्र हटवून केलेला, बॅलार्ड इस्टेट तर अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीवर उभं आहे, आणि आजही एका जागेचं डेब्रिज दुसऱ्या जागी पडतं. त्यामुळे जिथे सापडलं तिथेच वापरलं असं धरून चालू नका. बाजूला काय निघालं ते बघा. विटांचा चुरा, चुना, मंगलोरी कौलाचे तुकडे सोबत असतील तर पाडलेल्या इमारतीचा भराव, काळी राख आणि क्लिंकर, म्हणजे जळलेल्या कोळशाचे घट्ट खडे, असतील तर गिरणीची किंवा इंजिनाची राख, शंखशिंपले आणि काळा गाळ असेल तर मूळ किनारा. खड्ड्याचा फोटो, खोली आणि सोबतच्या वस्तूंची नोंद ही वस्तूइतकीच महत्त्वाची, एकदा खड्डा बुजला की ती माहिती परत मिळत नाही.

साफसफाईची घाई करू नका. ग्राइंडर, वायर व्हील, ॲसिड हे सगळं लांब ठेवा, कारण ओळखीच्या खुणा त्या गंजाच्या थरातच असतात. कडक लाकडी काडी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. समुद्राजवळच्या लोखंडात क्षार मुरलेले असतात, घरात आणून ठेवलं तर पहिल्या पावसाळ्यात त्यावर नारिंगी थेंब फुटतात आणि पापुद्रे सुटायला लागतात. त्यासाठी ते गोड्या पाण्यात, शक्यतो धुण्याचा सोडा घातलेल्या डिस्टिल्ड पाण्यात, काही आठवडे बुडवून ठेवायचं आणि पाणी बदलत राहायचं. मग पूर्ण वाळवून टॅनिक ॲसिडचा हात द्यायचा, गंज निळसर काळा होतो आणि स्थिर राहतो, वर मेणाचा पातळ थर. इलेक्ट्रोलिसिस करणारे करतात, पण दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि हायड्रोजन निघतो म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. समुद्रातून निघालेलं बीड तर फारच जपा, खाऱ्या पाण्यात त्यातलं लोखंड विरघळून फक्त ग्रॅफाइट उरलेलं असू शकतं, आकार जसाच्या तसा पण वजनाला हलकं आणि नखाने खरवडलं तरी निघतं. असं बीड पाण्यातून काढल्यावर हवा लागून तापतंसुद्धा, म्हणून ते ओलं ठेवूनच जाणकाराकडे न्यायचं.

एवढं करूनही ओळख पटली नाही तर दाखवायला माणसं आहेत. जहाजाचं वाटत असेल तर दारुखान्यात, जिथे वर्षानुवर्षं जहाजं तोडली गेली, तिथले जुने कामगार शॅकल, क्लीट, ब्लॉक चटकन ओळखतात. अवजार किंवा हार्डवेअर असेल तर नागदेवी स्ट्रीटवरच्या जुन्या पेढ्या, बांधकामाचं असेल तर नाक्यावरचे गवंडी-सुतार, जनावरांचं असेल तर गावाकडचा पत्री मारणारा. विचारताना एकच फोटो पाठवून "हे काय आहे" असं विचारू नका, समोरून, बाजूने, मागून, भोकाचा जवळून, असे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, वजन लिहा, चुंबक लागतो का ते लिहा, कुठे आणि किती खोल मिळालं ते लिहा. आणि तुमचा स्वतःचा अंदाज शेवटी सांगा, आधी सांगितलात तर समोरचा माणूसही तेच बघायला लागतो.